खेळातल्या जुन्या वस्तू घरात मांडायच्या कशा, आणि त्यांच्याविषयी सांगायचं काय

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं चेष्टेनं विचारलं, "सर, तत्त्वज्ञान संपलं, आता शोकेसवर आलात का?" संपलेलं नाही. घरातल्या जुन्या ढालीपाशी तत्त्वज्ञानाचे जितके प्रश्न एकत्र येतात तितके पुष्कळ ग्रंथांतसुद्धा येत नाहीत. म्हणून हा विषय घेतला.

निमित्त घरगुती आहे. आमच्या देवळाली प्रवरेत एका कुटुंबानं जुनं माळवदाचं घर उतरवून नवीन बांधलं. सामान हलवताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात दोन बॅटी, एक पिवळट पडलेला पांढरा स्वेटर, कबड्डीची लाकडी ढाल, तीनचार कप, हगाम्यात मिळालेली पितळी घागर, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि एक सांघिक फोटो. फोटोत अकरा जण, नावं माहीत दोघांचीच. इंटिरिअरवाल्याचं म्हणणं असं, की टीव्हीच्या बाजूला काचेचं कपाट करू, आत एलईडीच्या पट्ट्या लावू, बॅटींना पॉलिश मारू, कप झगझगीत करून घेऊ. नातवानं आम्हाला विचारलं, करू का? आम्ही म्हटलं, पॉलिशवाल्याला आधी थांबव, मग बोलू. ते बोलणं लांबलं, त्याचंच हे व्याख्यान झालं.

वस्तू मांडायची म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्या न्यायदर्शनात स्मृतीचा विचार फार बारकाईनं केलेला आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल: निव्वळ संस्कारापासून उपजणारं ज्ञान म्हणजे स्मृती. अनुभव येतो, त्याचा संस्कार मनात राहतो, तो एरवी निजलेला असतो. काहीतरी दिसतं, ऐकू येतं, वास येतो, आणि तो जागा होतो. जागं करणाऱ्या त्या गोष्टीला नैयायिक 'उद्बोधक' म्हणतात. आजोबांच्या दृष्टीनं ती ढाल उद्बोधक होती. तिच्याकडे पाहिलं की त्यांना मैदान दिसायचं, शेवटची चढाई दिसायची, गुडघ्याची जखम आठवायची.

नातवाचं काय? तो त्या मैदानावर नव्हता. त्याच्या मनात तो संस्कारच नाही, मग ढाल जागं करणार कशाला? त्याला प्रत्यक्ष दिसतं ते एवढंच, की सागवानी फळी आहे आणि तिच्यावर पांढऱ्या धातूचे पत्रे ठोकलेले आहेत. ही ढाल आजोबांच्या संघानं जिंकली, अमुक गावी जिंकली, हे प्रत्यक्षानं कळत नाही आणि अनुमानानंही फारसं कळत नाही. ते कळतं शब्दप्रमाणानं, कुणा विश्वासू माणसानं सांगितल्यामुळे. न्यायाच्या भाषेत तो माणूस 'आप्त' म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो असा. आपण नातलगांनाही आप्तच म्हणतो, ही गंमत लक्षात ठेवा. तो आप्त गेला आणि त्यानं काही लिहून ठेवलं नसेल, तर वस्तू मुकी होते. मुक्या वस्तूचा भाव फक्त भंगारवाल्याला ठाऊक असतो, आणि तो किलोवर असतो.

म्हणून आमचं सगळं सांगणं एका ठिकाणी येऊन थांबतं: कपाट नंतर, चिठ्ठी आधी.

हे काही परदेशी संग्रहालयांकडून शिकण्याची गरज नाही. आपल्या आजीपणजींना ते पक्कं ठाऊक होतं. जुन्या घरांत फळीवर पितळेची, तांब्याची भांडी ओळीनं लावलेली असत. तेच त्या घराचं प्रदर्शन. आणि त्या प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असे: कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या लग्नात, कोणत्या साली. आपल्या भागातल्या यात्रांत दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा होतो. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मोठ्या जोडींना रोख इनाम, फेटा, कुठे घागर, कुठे हंडा. त्या घागरीवर पैलवानाचं नाव घातलेलं असेल तर ती घागर आज ऐंशी वर्षांनीही बोलते. नसेल तर ती पाणी भरायची घागर. दोन्हींचं पितळ तेच आहे, बरं का.

मात्र हाच ठोकणीचा प्रकार पदकावर करू नका. पदकावर, ढालीवर, बॅटवर काहीही नव्यानं कोरायचं नाही, चिकटवायचं नाही, पेननं लिहायचं नाही. चिठ्ठी वेगळी, वस्तू वेगळी, आणि दोघींवर एकच क्रमांक. वस्तूला सुती दोऱ्यानं पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा बांधा, त्याच्यावर शिसपेन्सिलीनं क्रमांक घाला. वहीत त्या क्रमांकापुढे सगळी हकिगत.

आता महाराष्ट्रातल्या एका घराकडे जाऊ. कराडजवळचं गोळेश्वर. खाशाबा जाधवांनी २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत बँटमवेट गटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. या पदकामागची देणी कुठल्या खजिन्यातून आली नव्हती. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले असं सांगतात. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबा पोलीस खात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पदक राहिलं कुटुंबाकडे. २०१७ मध्ये कुटुंबीयांनी जाहीर केलं की गावात कुस्तीचं प्रशिक्षण केंद्र उभारण्यासाठी आम्ही ते लिलावात काढू. सरकारी आश्वासनाची वाट पाहून ते थकले होते.

त्या वेळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, देशाचा ठेवा विकायला निघाले म्हणून. आम्हाला ती हळहळ स्वस्त वाटली. एक प्रश्न विचारून पाहा: खाशाबांची स्मृती कशात जास्त राहील, कपाटातल्या ब्राँझच्या चकतीत की गोळेश्वरच्या आखाड्यात माती अंगाला लावून उतरणाऱ्या पोरांत? कुटुंबानं आपलं उत्तर दिलं होतं. ते मान्य करा किंवा करू नका, पण पदक हे साधन आहे आणि आठवण हे साध्य, हा विवेक त्यांच्याकडे हळहळणाऱ्यांपेक्षा अधिक होता.

याच पदकावरून मांडणीचा एक बारकावा. ऑलिंपिक पदकं गळ्यात अडकवण्याची सोय १९६०च्या रोम स्पर्धेपासून आली. त्याआधी पदक हातात देत. तेव्हा १९५२चं पदक कुणी फितीत ओवून दाखवलं, तर ते दिसायला छान, पण खोटं. तुमच्या घरातलं १९४८चं जिल्हा स्पर्धेचं पदक असेल आणि त्याला फीत नसेल, तर बाजारातली तिरंगी फीत आणून लावू नका. जी वस्तू जशी होती तशीच राहू द्या.

"जशी होती तशी" म्हणजे कशी, हा मात्र अवघड प्रश्न. ट्रंकेतल्या एका बॅटचा दांडा बदललेला होता. बॅट म्हणजे विलोचं पातं, त्यात पाचरीसारखा बसवलेला वेताचा दांडा, वर दोरा आणि रबरी ग्रिप. दांडा मोडला की बदलून घेत, कारण नवी बॅट परवडत नसे. समजा, पुढे पातंही बदललं असतं, तर ती आजोबांची तीच बॅट का? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला नेमकं असंच विचारतो. रथ म्हणजे आस का, चाक का, जू का? यांतलं एकही नाही, तर मग रथ कुठे आहे? निष्कर्ष असा की 'रथ' हे त्या सगळ्या जोडणीला दिलेलं व्यवहाराचं नाव आहे. आम्हाला तर बदललेला दांडा हा त्या बॅटचा सर्वांत बोलका भाग वाटतो. पैसे नव्हते, पण खेळ सोडला नव्हता, हे तो दांडाच सांगतो. तो लपवायला पॉलिश मारणं म्हणजे साक्षीदाराचं तोंड बंद करणं. पात्यावरचे चेंडूचे लाल डाग, टोकाला गुंडाळलेली चिकटपट्टी, सगळं ठेवा. जवसाचं तेल हे खेळत्या बॅटसाठी. म्हाताऱ्या बॅटला दरवर्षी तेल पाजलं की ती चिकट होते आणि धूळ धरते.

जाता जाता बॅटवरच्या सहीबद्दल. पुष्कळ बॅटींवर नामांकित खेळाडूची सही असते ती छापलेली, कारखान्यात. भिंग घेऊन पाहा. खऱ्या सहीत शाई कुठे जाड, कुठे बारीक, कुठे लाकडाच्या रेषांत झिरपलेली दिसते. छापील सहीच्या बॅटनं कुणी मनापासून खेळलं असेल, तर तिची योग्यता कमी होत नाही. पण पाहुण्यांना "स्वतः दिलेली सही" असं सांगू नका. एक खोटं घुसलं की वहीतल्या बाकी खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आप्तपण असं जातं.

आता कपाट. सगळ्यात मोठा शत्रू उजेड, आणि तो आपल्याला शत्रू वाटतच नाही. कापड, कागद, जुने फोटो यांना संग्रहालयांत साधारण ५० लक्सच्या वर उजेड देत नाहीत. भर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. खिडकीजवळच्या भिंतीवर ऊन थेट पडत नसलं तरी त्या ५०च्या कितीतरी पट. शिवाय उजेडाचं नुकसान साचत जातं. मंद उजेड दुप्पट वेळ दिला तर परिणाम तोच, आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून स्वेटर, टोपी, प्रमाणपत्रं, मूळ फोटो हे दिवाणखान्यात कायमचे टांगू नयेत. फोटोची चांगली प्रत काढून ती फ्रेम करा, मूळ फोटो पेटीत. पाहुण्याला फरक कळत नाही, फोटोला कळतो. एलईडीच्या पट्ट्या लावायच्याच असतील तर कपाटाच्या बाहेरून, आणि कुणी पाहत असेल तेवढ्यापुरत्या.

भिंत निवडताना पावसाळ्यात पाहून निवडा. कालव्याच्या पाण्याचा आपला मुलूख, काळ्या मातीवरची घरं, एखादी भिंत ओल धरतेच. त्या भिंतीला कपाट टेकवलं की आधी बुरशी, मग वाळवी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वर. चामड्याचा चेंडू, बूट, पॅड यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशीला तेवढंच हवं असतं. स्वेटर हँगरवर वर्षानुवर्षं टांगला की खांदे ओघळतात. तो आडवा ठेवा, घड्यांच्या आत धुतलेल्या मऊ सुती कापडाच्या गुंडाळ्या, आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका. खरं औषध म्हणजे उघडून पाहणं, पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा. मात्र गोधड्यांना दाखवतो तसं ऊन दाखवायचं नाही, सावलीत हवा द्यायची.

कपांचं सांगतो. बहुतेक कप चांदीचे नसतात. जर्मन सिल्व्हरवर किंवा पितळेवर चांदीचा मुलामा असतो. (आपल्याकडे 'जर्मनची भांडी' म्हटलं की ॲल्युमिनियम. तो घोटाळा करू नका.) राख, चिंच, टूथपेस्ट, पावडर लावून घासलं की काळपटपणाबरोबर मुलामाही जातो, आणि खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी. लोकर आणि रबर यांच्यापासूनही ते येतं, म्हणून कप आणि स्वेटर एका खणात नकोत. मऊ कोरड्या कापडानं हलकेच पुसा, बस्स. थोडा काळपटपणा राहिला तर राहू द्या. जुना माणूस जुना दिसतो, त्यात काय बिघडलं?

दोन सवयी मात्र आम्ही हात जोडून सांगतो, सोडा. एक, लॅमिनेशन. आपल्या गावांत प्रमाणपत्र मिळालं की माणूस थेट झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणतो. उष्णतेनं चिकटवलेलं ते प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही, आणि जतनाचा पहिला नियम असा की जे कराल ते उलटवता आलं पाहिजे. दुसरी, खंडेनवमीला बॅटीला आणि गदेला लावलेलं हळदकुंकू. भावना आम्हाला समजते, आम्हीही ते केलेलं आहे. पण हळदीचा डाग लाकडातून निघत नाही. समोर पाटावर सुपारी मांडा, हळदकुंकू तिला वाहा.

कात्रणांचा कागद मुळातच अल्पायुषी. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन राहतं, त्यामुळे तो पिवळा पडून तुटतो, आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान २०११च्या विश्वचषकात एकवीस बळी घेऊन आफ्रिदीच्या बरोबरीनं पहिला आला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे भारताचा कर्णधार झाला. आपल्याकडची कितीतरी माणसं तेव्हाची पानं जपून आहेत. तीही उद्याची जुनी वस्तूच. त्यांचे फोटो काढून ठेवा, मूळ पान वेगळ्या कोऱ्या कागदांच्या घडीत, प्रमाणपत्रांपासून दूर.

इथवर काय राहिलंय ते कसं राखायचं, हे बोललो. आता जे राहिलंच नाही त्याविषयी. पळवणकर बाळू हे भारतातले पहिले थोर फिरकी गोलंदाज. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. चांभार समाजात जन्म. पुण्यात हिंदू संघाकडून ते खेळत, पण चहाच्या वेळेला त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. वापरून फेकून द्यायचं भांडं. त्या काळातल्या संस्थानिकांच्या बॅटी, चांदीचे चहाचे सेट, ब्लेझर पुष्कळ ठिकाणी काचेआड आहेत. त्या काळाविषयी सर्वांत खरी साक्ष देऊ शकलं असतं ते मातीचं भांडं, पण ते कोण ठेवणार? संग्रह म्हणजे ज्यांच्याकडे ठेवायला जागा होती त्यांची आठवण. हे भान ठेवून स्वतःच्या घरात शोधा.

कारण घरातही तेच चालतं. मुलाचे कप दिवाणखान्यात येतात. मुलगी शाळेत खो-खोच्या संघात होती, जिल्ह्यापर्यंत गेली. तिचं लग्न झालं, पदकं माहेरच्या ट्रंकेत तळाशी. सासरी कुणाला ठाऊक नाही, माहेरी कुणाला आठवत नाही. आमच्या पिढीतल्या किती आज्या चपळ खेळाडू होत्या, हे त्यांच्या नातींना त्यांच्या तेराव्याच्या दिवशी कळतं. त्या आजीला आजच विचारा, बसून लिहून घ्या. वहीत तिचं पान आधी येऊ द्या. पदक सापडलं नाही तरी हकिगत लिहा. वस्तूविना चिठ्ठी चालते, चिठ्ठीविना वस्तू चालत नाही.

घर की संग्रहालय, हा शेवटचा मुद्दा. घर तुच्छ मानू नका. ॲशेसचा जगप्रसिद्ध कलश बोटभर उंचीचा मातीचा आहे, आणि इव्हो ब्लाय यांच्या घरात तो चाळीसहून अधिक वर्षं होता. १९२७ साली ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनं तो एमसीसीला दिला. दुसऱ्या महायुद्धात फुटबॉलचा विश्वचषक इटलीतल्या ओट्टोरिनो बारास्सी यांनी बुटाच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवला आणि तो वाचला. तोच चषक १९८३ मध्ये ब्राझीलमध्ये चोरीला गेला तो संस्थेच्या कार्यालयातून, आणि पुन्हा सापडला नाही. पुण्यात रोहन पाटे यांचं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय आहे, ते एका माणसाच्या छंदातून उभं राहिलं. त्याआधी दिनकर केळकरांनी आपल्या लहानग्या राजाच्या स्मरणार्थ अडकित्ते, दिवे, भांडी जमवून शुक्रवार पेठेत केवढं संग्रहालय केलं, ते आपण सगळे जाणतो.

पण पुढची पिढी पुण्यामुंबईला, परदेशी गेली, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ढाल मावत नाही, असंही होतं. तेव्हा जुनी शाळा, तालीम, वाचनालय यांना देण्याचा विचार करा. मात्र डोळे मिटून देऊ नका. हॉकीत तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारे बलबीरसिंग सीनियर यांनी १९८५ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाला आपली छत्तीस पदकं, शंभरावर छायाचित्रं आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला कर्णधाराचा ब्लेझर दिला. संग्रहालयासाठी म्हणून दिला. पुढे तो ठेवा सापडेना. म्हाताऱ्या माणसानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०२०च्या मे महिन्यात ते गेले तोपर्यंत तो त्यांना परत मिळाला नव्हता.

म्हणून देताना यादी दोन प्रतींत करा. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो, मोजमाप, खुणा, वहीतली हकिगत. कायमची दिली की मांडायला दिली, मांडणार नसतील तर परत करतील का, हे स्पष्ट लिहा. खाली घेणाऱ्याची सही, हुद्दा, शिक्का, तारीख. एक प्रत त्यांच्याकडे, एक आपल्या वहीत. आणि वर्षातून एकदा, यात्रेला गावी याल तेव्हा, ती प्रत खिशात घालून जाऊन पाहून या.